ग्रेलॅगवर हुकूम कुणी दिला

लाँगहोप, ऑर्कनी
३ मार्च १९५६

आर्ची,

डेव्हीची पेटी मिळाली. बोटीतून उतरवताना एक कडी तुटली, पण आतलं सगळं शाबूत आहे. दोन स्वेटर, मोठे बूट, पाइप, दाढीचं सामान आणि त्याची हातोडी. हातोडी तू पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून पाठवलीस. बघून मला भरून यायला हवं होतं. पण मनात आलं, एवढी का पुसली असेल?

चौकशीचा कागदही त्याच आठवड्यात आला. सही-शिक्क्यासकट एकच ओळ: ‘मयत डेव्हिड कॉरिगल याने हुकूम नसताना साखळी सोडली.’ म्हणजे चूक त्याची. मेला तोही स्वतःच्या हाताने.

आर्ची, मी काही चहाच्या कपात समुद्र बघणारी बाई नव्हे. पहिल्या लढाईत माझा बाप याच बंदरात आरमाराच्या जाळ्या टाकायचा आणि उपसायचा. तळाची साखळी वर घेताना ती नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकाला, आकडीत अडकवतात, एक माणूस हातोडी घेऊन आकडीपाशी उभा राहतो आणि मेटने, म्हणजे डेकवरच्या अधिकाऱ्याने, खूण केल्याशिवाय त्याने श्वाससुद्धा मोठा घ्यायचा नसतो, हे मला दहाव्या वर्षी माहीत होतं. डेव्हीने अठरा वर्षं ती हातोडी धरली. घरात मी ‘जेवायला ये’ म्हणाले तरी दुसऱ्यांदा हाक मारल्याशिवाय उठायचा नाही, इतकी त्याला हुकमाची सवय. असा माणूस एका मंगळवारी दुपारी आपण होऊन साखळी सोडतो?

आणि मंगळवार तरी कुठला! त्याच दिवशी आम्ही त्याच्या बेट्सीमावशीला पोचवलं. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. मावशीसाठी रजा देत नाहीत म्हणून हा कामावर. पुरुष मंडळी तिला पुरून परत आली, मी त्यांना सूप वाढत होते, आणि दारात तुमच्या ग्रेलॅग जहाजावरचा माणूस उभा.

आता माउअटच्या दुकानात मी शिरले की बोलणं थांबतं. मावशीच्या दुःखात डेव्हीने सकाळीच बाटली लावली असणार, असं लोक ठरवून मोकळे झालेत. मला त्याचं नाव धुऊन हवंय. त्या जहाजाचा मेट तू होतास. नाळेवर त्याच्यासमोर तू उभा होतास. मला सांग, काय झालं?

थोरा


ग्रीनॉक
१७ मार्च

प्रिय थोरा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस घास गोड लागला नाही.

सगळ्यात आधी हे. डेव्ही प्यायलेला नव्हता. थेंबसुद्धा नाही. कुणी म्हणालं तर त्याला माझं नाव सांग, पत्र दाखव.

बाकीचं काय सांगू? वारा होता, साखळी ओढणारी विंच इतकी बोंबलत होती की शेजारच्याचा शब्द कळत नव्हता. साखळी सुटली. तिचा एक वेढा डेकवर मोकळा पडला होता, तो त्याच्या पायात आला. मोजून तीन सेकंद, थोरा. त्याला काही कळलंही नसेल. आता ते उकरून तुझ्याच जखमेवरची खपली निघणार.

सोबत चहाचा डबा, मुरंब्याच्या दोन बरण्या आणि हॅम पाठवतोय. तुझ्या कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर गळतं असं डेव्ही सांगायचा. जूनमध्ये रजा मिळेल, तेव्हा येऊन नवं घालून देईन म्हणतो. नाही म्हणू नकोस.

तुझा,
आर्ची


लाँगहोप
२५ मार्च

मिस्टर गिलफिलन यांस,

चहा मिळाला. छान आहे. मी विचारलं एक आणि तुम्ही पाठवलं हॅम!

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? पत्र चारदा वाचलं. ‘साखळी सुटली’ म्हणतोस. साखळी काय कोंबडी आहे, आपली आपण सुटायला? आकडीवर घाव बसल्याशिवाय ती सुटत नाही. घाव डेव्हीचा, हे मला मान्य. पण घाव घालताना तो बघत कुणाकडे होता? हातोडीवाल्याने साखळीकडे बघायचं नाही, पायाकडे बघायचं नाही, फक्त मेटकडे बघायचं. डेक मोकळा आहे की नाही ते मेट बघणार. ही तुमचीच रीत ना? मग वेढा पडलेला तुला दिसत होता, तर तू काय करत होतास?

आणखी एक. मॅन्सी हेडल सुट्टीवर आलाय. तुमचा विंचवाला, त्या दिवशी विंचवर तोच होता. परवा धक्क्यावर भेटला तर माझ्याकडे न बघता दोरीच्या गाठी मोजायला लागला. मी विचारलं, “मॅन्सी, हुकूम झाला होता का रे?” तर म्हणे, “खुणेचं आर्चीला विचार बाई, मला पोरंबाळं आहेत.” हा काय जबाब झाला? पाणी कुठंतरी मुरतंय.

आता लिहायला नको, पण लिहिते. एक्केचाळीस साली लायनेसच्या कँटीनमध्ये तू मला नाचायला विचारलंस आणि मी डेव्हीबरोबर गेले. तू त्यानंतर लग्न केलं नाहीस. आणि आता माझ्या खुराड्याचं छप्पर घालायला निघालास. तुझं आणि डेव्हीचं काही बिनसलं होतं का? त्या दिवशी, त्या आठवड्यात, कधीही?

उत्तर दे. हॅम पाठवू नकोस.

थोरा कॉरिगल


ग्रीनॉक
९ एप्रिल

थोरा,

पंधरा वर्षं एका टेबलावर जेवलो आम्ही. त्याच्या लग्नात मी त्याचा पाठराखा होतो, तुझ्या शेजारी उभा होतो, आणि तू मला हे विचारतेस? नाच नाकारलास म्हणून मी माणूस मारीन? शाबास! वाईट वाटलं होतं मला, खोटं कशाला बोलू. आठवडाभर वाटलं. मग डेव्हीनेच मला बाहेर नेऊन चिंब प्यायला घातली आणि विषय संपला.

तुला खुणेचं ऐकायचंय? ऐक. पुस्तकात लिहिलंय, शिट्टी वाजवायची आणि बावटा खाली करायचा. विंचच्या गोंगाटात शिट्टी कुणाला ऐकू येणार? आणि बावट्याला हात अडकतो. माझा एक हात कायम कठड्यावर, नाहीतर मीच पाण्यात. म्हणून ग्रेलॅगवर आमची आपली रीत आहे. माझी पांढरी टोपी डोक्यावर आहे तोवर कुणी हलायचं नाही. टोपी डोक्यावरून उतरली की हातोडी मारायची. धुक्यातही पांढरी टोपी दिसते. सहा वर्षं असंच चाललंय, कधी चूक झाली नाही.

हे आम्ही चौकशीत सांगितलं नाही. पुस्तकाबाहेरचं काम म्हणून सगळ्यांचीच गच्छंती झाली असती. मॅन्सी घाबरतो तो यालाच. समितीने विचारलं, “हुकूम दिलात का?” मी म्हणालो, “नाही.” देवाची शपथ घेऊन सांगतो, थोरा, मी त्या क्षणी हुकूम दिला नव्हता. वेढा मला दिसत होता. मी दोन पोरांना तो बाजूला ओढायला सांगतच होतो.

एवढ्यावर समाधान मान. समितीला काही लिहू नकोस. हात दाखवून अवलक्षण होईल, आणि डेव्ही काही परत येणार नाही.

आर्ची


लाँगहोप
२१ एप्रिल

आर्ची,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. नऊ दिवस मी ते घड्याळामागे ठेवलं होतं.

पंधरा नोव्हेंबरला बेट्सीमावशीला किनाऱ्याच्या रस्त्याने नेलं. बाराच्या सुमारास. आठ माणसं खांद्यावर, मागे सगळा गाव, पुढे पाद्रीसाहेब. आमच्याकडे बायका कबरीपाशी जात नाहीत, मी घरी बॅनकच्या भाकऱ्या भाजत होते. दुसऱ्या दिवशी पाद्रीसाहेब डेव्हीसाठी आले. प्रार्थना म्हटली. मग म्हणाले, “थोरा, एक सांगतो, तुला बरं वाटेल. काल बेट्सीला नेताना तुमचं जहाज खाडीत अगदी जवळ उभं होतं. नाळेवर एक माणूस टोपी काढून उभा होता. चेहरा काही दिसला नाही, पण मला वाटतं तो डेव्हीच.”

पाच महिने मी तेवढ्यावर काढले, आर्ची. वाटायचं, चला, जाता जाता त्याने मावशीला बघितलं. डोकं उघडं करून तिला निरोप दिला. थंडीत, एकटी असताना मी ते चित्र डोळ्यांपुढे आणायचे.

तो डेव्ही नव्हता. डेव्हीची टोपी काळी, लोकरीची, मीच विणलेली. आणि त्याच्या दोन्ही हातांत हातोडी होती.

प्रेत चाललेलं दिसलं तर टोपी न काढणारा माणूस या देशात जन्मला नाही. तुझ्या आईने तुला चमच्याने भरवतानाच ते शिकवलं असणार. तू हुकूम दिला नाहीस, हे खरं. शपथ अगदी बेतून घेतलीस. पण टोपी काढलीस ना?

एका शब्दात उत्तर दे.

थोरा


ग्रीनॉक
१९ मे

थोरा,

हो.

एका शब्दात सांगायला मला महिना लागला. आता बाकीचंही ऐक.

सकाळी चहाच्या वेळी डेव्ही शेजारी बसला होता. मी विचारलं, मावशीचं किती वाजता? तो म्हणाला, “दोनला. डोंगरामागच्या वाटेने नेतील, इथून काही दिसायचं नाही. बरंच आहे, हातात काम असलेलं.” म्हणून माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. साखळी वर आली, आकडीत अडकवली, वेढा मोकळा करायला पोरं वाकली. मी सहज मान वर केली तर समोर किनाऱ्यावर शवपेटी. ती त्या रस्त्याला कशी आली, देव जाणे. मला कळलं ती कुणाची. मनात आलं, डेव्हीला सांगू, अरे, मागे बघ, तुझी मावशी चाललीय. आणि सांगायच्या आधी हात वर गेला. मी विचार केलाच नाही, थोरा. हात आपला आपण गेला. शिंक येते तसा.

तो माझ्याकडेच बघत होता. किनाऱ्याकडे पाठ. टोपी उतरलेली दिसली आणि त्याने घाव घातला. एकच, अचूक, नेहमीसारखा.

मी ओरडलो. विंच बोंबलत होती.

चौकशीत मी तोंड उघडलं असतं तर माझं मेटचं तिकीट, म्हणजे परवानाच, गेलं असतं. ती भीती होतीच, ती झाकत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, ते तोंडाने उच्चारायचं कसं, हेच मला कळत नव्हतं. समितीने ‘हुकूम नसताना’ लिहिलं आणि मी मूग गिळून बसलो. मग तुला चहा पाठवला. मुरंबा पाठवला. हातोडी चार वेळा पुसली. तू बरोबर ओळखलंस, मला कशाचा तरी डाग दिसत होता.

आता मी तुझ्या हातात आहे. तू सांगशील तर समितीला सगळं लिहून देतो. नको म्हणशील तर जन्मभर गप्प राहीन. तू म्हणशील तसं.

आर्ची


लाँगहोप
२८ मे

आर्ची,

माझ्या हातात काही देऊ नकोस. माझे हात भरलेले आहेत.

हुकूम घ्यायची सवय डेव्हीला होती, तुला हुकूम द्यायची आहे. मग दे स्वतःला. मी ‘लिही’ म्हणाले आणि तू लिहिलंस, तर उद्या म्हणशील, थोराने माझं तिकीट घालवलं. मी ‘नको’ म्हणाले तर डेव्हीच्या नावावरची ती ओळ मी स्वतः लिहिल्यासारखी होईल. मला यात ओढू नकोस.

रागावले आहे का? हो, फार. पण नाचाबद्दल लिहिलं ते लिहायला नको होतं. ते मागे घेते.

थोरा


ग्रीनॉक
२ ऑगस्ट

थोरा,

सोबत कागदाची नक्कल आहे. खरा कागद तुला वेगळ्या लिफाफ्याने येईल.

मी जूनमध्येच लिहून दिलं. मॅन्सी आणि बाकीच्यांची नावं घातली नाहीत. टोपीची रीत माझी एकट्याची, असं सांगितलं. म्हणजे जहाजावरचे सगळे हसले असतील, पण कुणी नाही म्हणालं नाही. तीन साहेबांसमोर उभं राहून मला ते तोंडाने सांगावं लागलं. त्यातला एक म्हातारा होता. तो म्हणाला, “मीसुद्धा काढली असती.” आणि मग माझ्याविरुद्ध निकाल लिहायला घेतला. तेच बरोबर होतं.

आता ओळ अशी आहे: ‘मयत डेव्हिड कॉरिगल याने प्रस्थापित खुणेनुसार, आपले कर्तव्य बजावत, साखळी सोडली. त्याचा कोणताही दोष नाही.’

माझं तिकीट गेलं. सध्या धक्क्यावरच्या आवारात आहे. पाण्यातून काढलेल्या बोयांवरचे शिंपले खरवडतो. वास येतो, पण माणसं बरी आहेत. जहाज सुटताना बघायला जात नाही अजून.

छपराचं मी आता विचारणार नाही.

आर्ची


लाँगहोप
१२ ऑगस्ट

प्रिय आर्ची,

कागद आला. तो घेऊन मी शनिवारी माउअटच्या दुकानात गेले, गर्दीच्या वेळी मुद्दाम. म्हटलं, चष्मा विसरले, जरा कुणीतरी वाचून दाखवा. माउअटच्या बायकोने मोठ्याने वाचलं. ‘कोणताही दोष नाही’ तिला दोनदा वाचायला लावलं. मग ती म्हणाली, “थोरा, चहा घेतेस?” मी म्हटलं, “घरी भरपूर आहे.”

डेव्हीचं नाव धुतलं गेलं. ते तू केलंस आणि त्याची किंमतही तूच भरलीस. आता मी गप्प बसले तर माझ्यासारखी हलकट बाई नाही. म्हणून लिहिते.

तू लिहिलं होतंस, शवपेटी किनाऱ्याच्या रस्त्याला कशी आली, देव जाणे. देवाला माहीत असेलच. मलाही माहीत आहे.

दोनला डोंगरामागून न्यायचं, हेच ठरलं होतं. सकाळी मी खिडकीतून बघितलं तर ग्रेलॅग खाडीत अगदी कडेला, घरासमोर. मनात आलं, बिचाऱ्याला रजा नाही, निदान लांबून तरी बघेल. मी पाद्रीसाहेबांकडे गेले, पदर पसरायचाच बाकी ठेवला. म्हटलं, बाराला काढा, आता भरती आहे, जहाज जवळ आहे, आणि किनाऱ्याने न्या. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, तो रस्ता लांबचा, चिखलाचा. मी ऐकलं नाही. भांडून न्यायला लावलं. डेव्हीला सांगायला वेळच नव्हता. वाटलं, दिसेलच की.

तुझं टोपीचं पत्र आलं ना एप्रिलमध्ये, त्या दिवशीच मला सगळं कळलं. तुझंही आणि माझंही. नऊ दिवस ते पत्र घड्याळामागे ठेवलं, ते तुझ्या रागाने नाही. आणि नंतर जे लिहिलं त्यात तुझं अर्धं घातलं, माझं गाळलं. ‘किनाऱ्याच्या रस्त्याने नेलं’ असं लिहून मोकळी झाले, कुणी नेलं ते लिहिलं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! शपथ बेतून घेतलीस म्हणून तुला टोमणा मारला, आणि मी काय केलं? तू तीन साहेबांसमोर उभा राहिलास तेव्हाही मी इथे गप्प होते.

त्याआधी महिनाभर मी तुझ्यावर भांडणाचा, नाही नाही तो संशय घेतला. खरं सांगू? त्यातलं काहीही खरं निघालं असतं तर मला चाललं असतं. तू त्याच्याशी भांडला होतास, असं निघालं असतं तरी चाललं असतं.

त्या रस्त्यामुळे काय घडलं, हे मी पाद्रीसाहेबांनाही सांगितलेलं नाही. तुला कुणाला सांगायचं असेल तर सांग, तुझा हक्क आहे.

मी ते डेव्हीसाठी केलं, आर्ची. तूही टोपी काढलीस ती डेव्हीच्या मावशीसाठीच. आणि तो आमचा शहाणा माणूस, त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही. कामावर असताना बघायचं नसतं म्हणून.

थोरा